मुलांनी स्वतः करून कोणाला तरी भेट द्याव्यात अशा सोप्या ओरिगामी वस्तू सुचवाव्यात

पाऊलवाट

नमस्कार. मी एका वाचनालयात आठवड्यातून एकदा मुलांसाठी हस्तकलेचा तास घेते. मुले सहा ते आठ वर्षांची असतात आणि एका वेळी साधारण चौदा जण येतात. मागच्या महिन्यात आम्ही असे ठरवले की प्रत्येकाने कागदाच्या घड्यांची एखादी वस्तू करायची आणि ती आपल्या आवडत्या माणसाला भेट द्यायची. मी क्रौंच पक्षी निवडला, कारण ओरिगामी म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो आणि मला स्वतःला तो न बघताही करता येतो.

तास फसला. सुरुवातीच्या चौकोनी पायापर्यंत, म्हणजे कागद दुमडून जो लहान चौकोन होतो आणि ज्यातून पुढे पक्षी घडतो तिथपर्यंत, बहुतेक मुले माझ्याबरोबर आली; परंतु त्यानंतर वरचा पदर उचलून, त्याच्या दोन्ही कडा आत वळवून लांबट पाकळी करायची जी पायरी येते, तिथे एकेकाचे हात थांबले. चहूकडून "ताई, माझं बघा ना" सुरू झाले आणि वेळ संपत आली म्हणून मी एकेकाचा कागद हातात घेऊन पुढच्या घड्या स्वतः घालत गेले. तास संपला तेव्हा टेबलावर चौदा पक्षी होते आणि त्यांतले अकरा माझे होते. एका मुलीने आपला पक्षी तिथेच ठेवला. आजीला द्यायचा होता ना, असे विचारल्यावर ती म्हणाली, "हा तुम्ही केलाय. मी आजीला काय सांगू?"

तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही. पुढच्या वेळी वस्तू अशी हवी की शेवटची घडीसुद्धा मुलाच्याच हाताने पडेल आणि तरीही ती भेट म्हणून हातात देताना त्याला संकोच वाटणार नाही. अशा कोणत्या वस्तू आपण प्रत्यक्ष मुलांकडून करून घेतल्या आहेत? कागद कोणता घ्यावा आणि तासाभरात एक वस्तू नीट होईल की दोन, हेही कृपया अनुभवावरून सांगावे. केवळ वस्तूंची नावे मला बरीच मिळाली आहेत; त्या मुलांच्या हातात कशा वागतात, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कर्णरेषा

आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे. मी अनेक वर्षे लहान मुलांबरोबर घडीकाम करते आणि वस्तू निवडताना एकच गोष्ट आधी तपासते: प्रत्येक घडीला कागदावर दिसणारी खूण आहे का? कड कडेवर आणायची, टोक टोकाला लावायचे, टोक मधल्या घडीवर टेकवायचे, हे सहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी पडताळता येते. "इथून थोडे आत दुमडा", "अंदाजे एक तृतीयांश" असे शब्द जिथे येतात, तिथे मूल मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागते आणि त्या क्षणी वस्तू त्याच्या हातातून निसटते. क्रौंच पक्ष्यात आणखी एक अडचण आहे. चौकोनी पायातली दोन मिलिमीटरची चूक पुढे मानेच्या अरुंद टोकाशी जाऊन साठते, म्हणून तिथे कागद जाड होतो, चोच तिरकी होते आणि आपण कुठे चुकलो हे मुलाला कळतही नाही.

माझी पहिली पसंती पुस्तकाच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या खुणेला आहे. वाचनालयातल्या तासाला ती शोभेल, हे वेगळे सांगायला नको. पंधरा सेंटिमीटरचा चौरस घ्यावा, रंगीत बाजू खाली ठेवावी आणि कर्णावर घडी घालून त्रिकोण करावा. लांब कड पोटाकडे, टोक वर. आता वरच्या टोकाला कागदाचे दोन पदर आहेत; त्यांतला फक्त पुढचा पदर खाली आणून त्याचे टोक लांब कडेच्या मध्याला टेकवावे. हा मध्य कुठे आहे हे मुलांना कळावे म्हणून मी आधी त्रिकोण उभा अर्धा दुमडून, खालच्या कडेवर चिमटीने छोटी खूण करून, पुन्हा उघडायला सांगते. पुढचा पदर खाली आला की समोर एक खिसा तयार होतो. मग त्रिकोणाचे डावे आणि उजवे टोक वरच्या टोकापर्यंत न्यावे, म्हणजे कागद टोकावर उभ्या असलेल्या चौरसासारखा दिसू लागतो. शेवटी वर गेलेली ही दोन्ही टोके पुन्हा खाली वळवून समोरच्या खिशात खोचावीत. झाले. पंधरा सेंटिमीटरच्या कागदापासून बरोबर साडेसात सेंटिमीटर बाजूची खूण होते आणि तिचा खिसा पानाच्या कोपऱ्यावर टोपीसारखा बसतो.

यातली खोचण्याची पायरी मुलांना सर्वांत आवडते आणि तिथेच ती थोडी अडखळतातही. खिसा नीट उघडला नसेल तर टोक आत न जाता बाहेरच गोळा होते. मी अशा वेळी कागदाला हात लावत नाही. "आधी बोट आत घालून खिसा जागा कर, मग टोक पाठव" एवढेच म्हणते. खोचलेले टोक आत थोडे वाकडे बसले तरी बाहेरून दिसत नाही, आणि म्हणूनच ही वस्तू मला इतकी मोलाची वाटते. चार मिलिमीटर चुकलेले मूल आणि अगदी काटेकोर मूल, दोघांच्याही खुणा पानावर सारख्याच बसतात. त्यावर डोळे, मिशा, दात असे काहीही काढता येते. मात्र चित्र शेवटी काढायला सांगावे, कारण आधी काढलेले डोळे घडीच्या आत जातात आणि मूल हिरमुसते.

आपल्या गटात सहा वर्षांचीच मुले जास्त असतील तर दुसरी वस्तू म्हणजे कागदी पेला. ही पारंपरिक वस्तू अवघ्या पाच घड्यांची आहे. कर्णावर त्रिकोण करून लांब कड पोटाकडे ठेवावी. वरच्या पदराची डावी तिरकी कड खालच्या लांब कडेवर आणून फक्त खुणेपुरती दाबावी आणि उघडावी. ती खूण त्रिकोणाच्या उजव्या कडेला जिथे मिळते, तिथे डावे टोक नेऊन घडी घालावी. ती नीट पडली की वरची कड खालच्या कडेला समांतर दिसते. मग उजवे टोक तसेच डावीकडे. उरलेल्या वरच्या दोन त्रिकोणांपैकी पुढचा समोरच्या खिशात खोचावा आणि मागचा मागे दुमडावा. असा पेला थोडा वेळ पाणीसुद्धा धरतो, आणि मुलांना ते करून बघितल्याशिवाय राहवत नाही. भेटीसाठी मात्र मागचा त्रिकोण दुमडायचा नाही. पेल्यात चार ओळींची चिठ्ठी, वाळलेले पान किंवा बिया ठेवायच्या आणि तो मागचा त्रिकोण झाकणासारखा पुढे आणून खिशात खोचायचा. पेल्याचा बटवा होतो. देणाऱ्याने आत काय ठेवले आहे हे घेणाऱ्याला उघडल्यावरच कळते, त्यामुळे घड्या कशा पडल्या याकडे कोणी पाहत नाही.

तासाभरात एकच वस्तू शिकवावी आणि तीच दोनदा करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली सरावाची, दुसरी द्यायची. दुसऱ्या वेळी मुले तुमच्याकडे पाहत नाहीत, आपल्या कागदाकडे पाहतात. त्या पाच मिनिटांत वर्गात जी शांतता पसरते ती अनुभवण्यासारखी असते.

जुनी वही

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी कागदाबद्दल लिहितो, कारण अर्ध्याहून अधिक फसलेले तास मी कागदामुळे फसलेले पाहिले आहेत.

हस्तकलेच्या नावाखाली मिळणारे जाड कार्डशीट घडीकामाला घेऊ नये. त्यावर घडी पडत नाही, ती फुटते. पांढरा तंतू दिसू लागतो आणि दोनतीन पदर एकावर एक आले की लहान बोटांच्या जोराने ते बसत नाहीत. ओरिगामीसाठी म्हणून जो एका बाजूने रंगीत कागद मिळतो तो बहुधा पंधरा सेंटिमीटरच्या चौरसात आणि चौरस मीटरला साधारण ६० ग्रॅम वजनाचा असतो, तो उत्तमच. परंतु झेरॉक्सचा ७० ते ८० ग्रॅमचा रंगीत कागद या वयाला पुरेसा चांगला आहे. घोटीव कागदाचा रंग सुंदर दिसतो, मात्र तो निसरडा असल्याने कडा जुळवताना सरकतो, म्हणून सरावाला साधा आणि देण्याच्या वस्तूला घोटीव असा क्रम मी ठेवतो. वर्तमानपत्राची शाई बोटांना लागते आणि मग बोटांची भेटीला. ते टोप्यांसाठी राखून ठेवावे.

ए-४ आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. तो मधोमध कापला की १४८ बाय २१० चे दोन तुकडे मिळतात आणि प्रत्येकातून १४८ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पंधरा सेंटिमीटरचा, चौरस निघतो. एका कागदात दोन मुलांचे काम होते. चौरस कापण्याचे काम मोठ्यांनी आधी करून ठेवावे, त्यात कमीपणा काही नाही. मुलाची मेहनत घड्यांची असते आणि चौरस तिरका निघाला तर ती सगळी मेहनत वाया जाते. कापलेल्या गठ्ठ्यातला एक कागद काढून कर्णावर दुमडून पाहावा. कडा एकमेकींवर तंतोतंत आल्या नाहीत तर पूर्ण गठ्ठा पुन्हा कापावा. मी एकदा घाईत हे केले नाही. तासभर मुले "माझी कड का पुरत नाही" असे विचारत राहिली आणि मी त्यांना नीट जुळवा, नीट जुळवा असे सांगत राहिलो. चूक त्यांची नव्हती. त्यांना तसे सांगायला मला दुसऱ्या तासाची वाट पाहावी लागली.

कागदाला तंतूंची दिशाही असते. चौरस न दुमडता हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहिला तर एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसरीने किंचित अडतो. मोठ्या मुलांना हे हाताला जाणवून देण्यात फार आनंद आहे. सहा वर्षांच्या मुलांना सांगायची गरज नाही.

उरलेल्या पट्ट्या टाकू नका. पूर्ण ए-४ कागदातून २१ सेंटिमीटरचा मोठा चौरस काढला तर ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. तिच्या सेंटिमीटरभर रुंदीच्या आठ पट्ट्या करून प्रत्येकीला टोकाशी सैल गाठ मारायची आणि ती हळूच ओढून चपटी दाबायची, म्हणजे आपोआप पंचकोन तयार होतो. उरलेली पट्टी त्याच्या कडाकडांनी गुंडाळून टोक खोचले आणि पाचही बाजू नखाने मधोमध आत दाबल्या की फुगलेली चांदणी होते. आठ वर्षांच्या मुलांना ती जमते. त्याहून लहान मुले दाबताना तिचा चेंदा करतात, म्हणून त्यांना नुसता पंचकोन करू द्यावा. तोही सुरेख दिसतो.

पाऊलवाट

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पेला आणि खूण मी काल घरी करून पाहिली. पेल्याची ती खुणेपुरती घडी मला नव्याने कळली. मी आजवर ते टोक अंदाजानेच नेत होते. आणखी दोन गोष्टी विचारते. काही मुलांनी "डबी करू या" असे सुचवले आहे. ती या वयाला झेपेल का? आणि शिकवताना मी मुलांच्या समोर उभी राहते, तेव्हा माझे डावे त्यांचे उजवे होते आणि निम्मी मुले उलट घडी घालतात. यावर आपण काय करता?

तिसरा पदर

समोर उभे राहू नका. मुलांच्या बाजूला किंवा त्यांच्याच दिशेने तोंड करून बसा आणि तुमचा कागद त्यांच्या कागदाच्या दुप्पट, म्हणजे तीस सेंटिमीटरचा घ्या. डावे-उजवे हे शब्दच टाळावेत. "खिडकीकडचे टोक", "दाराकडची कड", "तुझ्या पोटाकडची कड" असे म्हटले की चौदाच्या चौदा मुले एकाच बाजूला वळतात आणि डावखुऱ्या मुलालाही आपण वेगळे आहोत असे वाटत नाही. पुढची पायरी सांगण्यापूर्वी प्रत्येकाने कागद उचलून दाखवायचा, हा एक नियम ठेवा. तुम्हाला एका नजरेत कोण अडले ते दिसते आणि ज्याचे झाले आहे ते मूल शेजाऱ्याला मदत करू लागते. मदत करताना बोट दाखवायचे, कागद धरायचा नाही, हे मी मुलांकडूनही पाळून घेते. आणि प्रत्येक घडीला नखाची इस्त्री. ढिली घडी हेच निम्म्या चुकांचे मूळ असते.

आता डबी. जपानमध्ये 'मासू' नावाचे धान्य मोजायचे चौकोनी लाकडी माप असे. त्याच्या आकाराची ही पारंपरिक डबी आहे. आठ वर्षांच्या मुलाला ती जमते, सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या मुलाच्या जोडीने जमते. चौरसाच्या आडव्या आणि उभ्या मधल्या घड्या पाडून उघडाव्यात, मग चारही टोके मध्यावर आणावीत. हा लहान चौरस तसाच ठेवून त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा मधल्या रेषेवर आणून दाबाव्यात आणि उघडाव्यात, नंतर दुसऱ्या दोन. इथपर्यंत सगळे कडेवर कड, टोकावर टोक असेच आहे आणि सहा वर्षांचे मूलही न अडता येते. त्यानंतर समोरासमोरची दोन टोके पूर्ण उघडायची, उरलेल्या दोन बाजू आतल्या टोकांसह भिंतींसारख्या उभ्या करायच्या, आणि उघडलेल्या लांब भागाच्या तिरक्या घड्या आत ढकलत तो भाग भिंतीवरून आत गुंडाळायचा, म्हणजे त्याचे टोक तळाच्या मध्यावर येऊन टेकते. दुसऱ्या बाजूलाही तसेच.

भिंत उभी करण्याचा क्षण अवघड आहे, कारण तोवर सपाट असलेला कागद एकदम उभा राहतो आणि मुलाला चार ठिकाणी धरायला हात पुरत नाहीत. मी तिथे मुलांच्या जोड्या लावते. एकाने दोन भिंती धरायच्या, दुसऱ्याने टोक आत गुंडाळायचे, मग अदलाबदल. आपण स्वतः भिंत धरली तरी हरकत नाही, परंतु गुंडाळणे मुलाचेच असले पाहिजे. त्या तिरक्या घड्या आधीच्या पायऱ्यांमध्ये पडलेल्याच असतात, म्हणून त्या जणू स्वतःहून आत जातात, आणि तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते तुम्हीही पाहावे असे वाटते.

पंधरा सेंटिमीटरच्या कागदाची डबी तळाला साधारण ५.३ सेंटिमीटर आणि उंचीला त्याच्या निम्मी होते. झाकण म्हणजे दुसरी तशीच डबी. फक्त खालच्या डबीचा कागद दोन्ही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान, साडेचौदाचा घ्यावा. तेवढ्याने झाकण अलगद बसते आणि उचलताना डबी बरोबर वर येत नाही. सहा वर्षांच्या मुलाने झाकण आणि आठ वर्षांच्या मुलाने तळ असे केले तर दोघांची मिळून एक भेट होते. भावंडांमध्ये हे छान जमते.

आपण आकृत्यांवरून शिकत असाल तर एक माहिती उपयोगी पडेल. आज जगभरच्या आकृत्यांत जे तुटक रेषांचे आणि बाणांचे संकेत दिसतात त्यांचा पाया जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घातला. नुसती तुटक रेष म्हणजे दरीसारखी आत जाणारी घडी. रेष आणि ठिपके आलटून पालटून असतील तर डोंगरासारखी बाहेर येणारी घडी. मुलांना मी दरी आणि डोंगर हेच शब्द शिकवते. कागद टेबलावर ठेवून "यात पाणी साठेल की वाहून जाईल?" असे विचारले की ती कधीच चुकत नाहीत.

उंच फांदी

सर्वांचे म्हणणे पटते, तरी क्रौंच पक्ष्याच्या बाजूने कोणीतरी बोलावे असे वाटले म्हणून लिहीत आहे. तो अवघड आहे हे खरे, परंतु देण्यासाठी केलेली वस्तू म्हणून त्याच्याइतका अर्थ दुसऱ्या कोणत्याही घडीत मला सापडलेला नाही. सादाको सासाकी ही मुलगी १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार क्रौंच केले की इच्छा पूर्ण होते, ही तिकडची जुनी समजूत मनात धरून ती रुग्णालयात पक्षी करत राहिली, कागद नसेल तेव्हा औषधांच्या वेष्टनांचे सुद्धा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बाराव्या वर्षी ती गेली. तिच्या वर्गमित्रांच्या प्रयत्नांतून हिरोशिमात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले आणि १९५८ मध्ये त्याचे अनावरण झाले. जगभरची मुले आजही तिथे कागदी क्रौंच पाठवतात.

ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला सांगता येते, फक्त सावकाश आणि त्याचे प्रश्न ऐकून घेत सांगावी. पक्षी मात्र नऊ-दहा वर्षांपर्यंत थांबवावा आणि एका तासात उरकू नये. मी तो तीन तासांत विभागते. पहिल्या तासाला फक्त चौकोनी पाया, पाच-सहा वेळा. दुसऱ्याला पाकळीची घडी, तीही वीस सेंटिमीटरच्या मोठ्या कागदावर. वरचा पदर उचलण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या कडा मधल्या रेषेवर आणून आणि वरचा त्रिकोण खाली वळवून घड्या आधीच पाडून घ्यायच्या, म्हणजे पदर उचलताच कडा आपणहून आत येतात. पाऊलवाट यांच्या मुलांचे हात तिथेच थांबले. त्या पूर्वघड्या कडक दाबल्या होत्या का, हे एकदा आठवून पाहावे. तिसऱ्या तासाला मान, शेपूट, पंख.

आणि एक सुचवते. चौदा जणांनी मिळून एकच भेट करायची असेल तर सोनोबे तुकडा करावा. मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा छोटा समांतरभुज तुकडा आहे. सहा तुकडे एकमेकांच्या खिशांत खोचले की गोंदाशिवाय घन तयार होतो आणि बारा तुकड्यांची टोकेरी चांदणी होते. कोणाचा तुकडा कोणता हे रंगावरून ओळखू येते. वर्गातले कोणी आजारी असेल किंवा गाव सोडून जात असेल, तर त्या मुलासाठी सर्वांनी एकेक तुकडा करावा. मी हे दोनदा केले आहे. दुसऱ्या वेळी एका मुलाचा तुकडा सैल होता आणि घन सारखा सुटत होता. मुलांनी तो बदलू दिला नाही, बाकीचे पाच पुन्हा घट्ट दाबले.

कर्णरेषा

पाकळीच्या घडीबद्दल उंच फांदी यांचे म्हणणे बरोबर आहे. मी क्रौंचाला जरा लवकरच बाद केले. सहा वर्षांच्या मुलांसाठी माझे मत तेच राहील, पण मोठ्या गटात तीन तासांचा क्रम मी नक्की करून पाहीन.

उड्या मारणाऱ्या बेडकाचाही विचार व्हावा. भेट घेणारे धाकटे भावंड असेल तर त्याला खूण नको असते, खेळायला काहीतरी हवे असते. याला जरा ताठ कागद चालतो, किंबहुना तोच लागतो, कारण शेवटी मागच्या भागाला आधी पुढे आणि मग निम्मा मागे असे जे दुहेरी दुमडतात तीच त्याची स्प्रिंग. ती घडी नखाने फार कडक दाबू नये. दाबली तर बेडूक निपचित पडतो. पाठीच्या मागच्या कडेवर बोट ठेवून ते सरकवत सोडले की तो उडतो.

पाऊलवाट

काल तास झाला, म्हणून कळवते. पुस्तकाची खूण निवडली, १४८ मिलिमीटरचे चौरस कापले, गठ्ठ्यातला एक कर्णावर दुमडून तपासला आणि मुलांच्या रांगेतच बसले. "खिडकीकडचे टोक" या शब्दांनी खरोखर जादू केली. दोन मुलांचा खिसा उघडत नव्हता. मी हात मांडीवर ठेवले आणि बोट आत घालायला सांगितले. पूर्वघड्या कडक नव्हत्या, हेही खरे. क्रौंचाच्या तासाला मी त्या मुलांकडून पाडूनच घेतल्या नव्हत्या, कारण मला स्वतःला त्या लागत नाहीत.

तेरा मुलांनी दोन-दोन खुणा केल्या. त्या मुलीने तीन केल्या. पहिलीचे एक टोक खिशातून किंचित बाहेर डोकावत होते. ती पुन्हा खोचायची का, असे मी विचारले, तर तिने थोडा वेळ विचार केला, हिरव्या पेन्सिलीने त्या टोकाला पान काढले आणि ती खूण आजीसाठी पिशवीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात बटवा करणार आहोत. आत ठेवायच्या चिठ्ठीसाठी कागद किती लहान कापावा, हे कोणी सांगेल का?

जुनी वही

पंधरा सेंटिमीटरच्या पेल्याला सात सेंटिमीटरचा चौरस दोनदा दुमडून सहज आत जातो आणि झाकण खोचायला जागा उरते. पेन्सिलीने लिहायला सांगावे, शाई घड्यांमधून उमटते.